बर्फ कुठवर पोहोचला?

हृदयाच्या डाव्या कर्णिकेत एक फुगा फुगवलेला असतो. फुप्फुसाकडून रक्त आणणाऱ्या शिरेच्या तोंडाशी तो बुचासारखा दाबून बसवलेला असतो आणि त्याच्या आत नायट्रस ऑक्साइडचा फवारा सुरू झालेला असतो. पडद्यावरचा आकडा झरझर उतरतो. उणे २०, उणे ३५, उणे ४६. त्याच वेळी टेबलाशी उभ्या असलेल्या कुणाचा तरी तळवा रुग्णाच्या उजव्या बरगड्यांखाली टेकलेला असतो. वरच्या महाशिरेत ठेवलेली एक तार श्वासपटलाच्या नसेला ठरावीक ठेक्याने विजेचा हलका धक्का देत राहते आणि दर धक्क्याला श्वासपटल उचकी लागल्यासारखं उसळतं. ही उसळी हाताला किंचित जरी मंद लागली, तरी गोठवण तिथल्या तिथे थांबवायची. ती नस त्या फुप्फुसशिरेला अगदी लागून खाली जाते, आणि थंडी तिच्यापर्यंत येऊन ठेपली हे कळायला त्या क्षणी हाताइतकं भरवशाचं फारसं काही खोलीत नसतं.

क्रायोबलून अब्लेशन या उपचाराबद्दल वाचताना मी या तळव्यापाशी थांबलो. इतकी यंत्रं, इतके पडदे, तापमानाचा आकडा डोळ्यांसमोर, आणि तरी हात का लागतो? कारण तो आकडा हृदयाचा नाहीच. फुग्याच्या आत, मागच्या बाजूला बसवलेला तापमापक परत फिरणाऱ्या वायूचं तापमान सांगतो. फुग्याच्या पातळ पडद्यापलीकडे दोन-तीन मिलिमीटर जाडीचा स्नायू आहे. त्याच्या आतल्या अंगाला किती अंश, मध्यावर किती, बाहेरच्या अंगाला किती, हे त्या तापमापकाला ठाऊक नसतं. ज्या पेशी मारायच्या त्या स्नायूत आहेत, जे वाचवायचं ते स्नायूच्या पलीकडे आहे, आणि मोजमाप होतं ते अलीकडे.

संगणकावरच्या सिम्युलेशनचं काम या अंतरात आहे. फुग्याचं तापमान, ऊतीचे गुणधर्म, रक्ताचा वेग आणि या रुग्णाच्या कर्णिकेचा आकार एवढं देऊन स्नायूच्या प्रत्येक बिंदूचं तापमान क्षणाक्षणाला काढायचं, बर्फाची कड कशी सरकते ते पाहायचं. असं करायला हवं, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण जितकं वाचत गेलो तितका एक पेच ठळक होत गेला. ज्या प्रश्नांसाठी हे संगणकी प्रतिरूप सर्वांत जास्त हवं आहे, त्याच प्रश्नांवरचं त्याचं उत्तर तपासून बघायची सोय सर्वांत कमी आहे. हा पेच नजरेआड करून केलेलं सिम्युलेशन म्हणजे पडद्यावर आणखी एक आकडा, आणि तोही रंगीत, म्हणजे जास्तच पटणारा.

आधी आजाराबद्दल थोडं. एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टरांच्या बोलण्यात ‘एएफ’, या विकारात कर्णिका एका तालात आकुंचन पावायच्या ऐवजी नुसत्या थरथरत राहतात. रक्त रेंगाळतं, गुठळी धरते, ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. हा गोंधळ कुठून सुरू होतो याचा मोठा उलगडा १९९८मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोत मिशेल आयसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. ४५ रुग्णांमध्ये त्यांनी गोंधळाची ६९ उगमस्थानं शोधली आणि त्यांतली ६५ फुप्फुसशिरांच्या आत निघाली. कर्णिकेचा स्नायू या शिरांमध्ये काही अंतरापर्यंत सदऱ्याच्या बाहीसारखा शिरलेला असतो, आणि त्या बाह्यांतून अवेळी निघालेले विजेचे संदेश कर्णिकेला पेटवतात. तेव्हापासून उपचाराची दिशा ठरली : शिरेच्या तोंडाभोवती मेलेल्या पेशींचं अखंड कडं तयार करायचं, म्हणजे आतला संदेश बाहेर येणार नाही. हे कडं रेडिओलहरींनी ठिपक्याला ठिपका जोडत भाजून करता येतं किंवा फुग्याने एकदमच गोठवून. दोन्हींत अट एकच. कडं अखंड हवं. एका जागी जरी जिवंत स्नायूचा धागा राहिला, तरी संदेशाला तेवढी वाट पुरते.

थंडीने रोगट ऊती मारायची कल्पना फुग्यापेक्षा कितीतरी जुनी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जेम्स आर्नॉट बर्फ आणि मीठ मिसळून गाठी गोठवत होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये आयर्व्हिंग कूपर यांनी द्रवरूप नायट्रोजनने गार केलेली सळई मेंदूत घालून पार्किन्सनच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. हृदयाच्या शल्यविशारदांनी पुढे ती उघड्या छातीत वापरली. अमेरिकेत क्रायोबलूनला परवानगी मिळाली २०१०च्या डिसेंबरात. थंडीचा एक गुण हृदयासाठी मोलाचा आहे. भाजण्याने ऊतीचा सगळा सांगाडाच बिघडतो, गोठवण्याने पेशी मरतात पण त्यांना धरून ठेवणारी तंतूंची चौकट बऱ्यापैकी शाबूत राहते.

आता बर्फाच्या गणिताकडे येतो, कारण सगळी मौज आणि सगळी अडचण तिथे आहे.

उष्णता एका जागेहून दुसरीकडे कशी जाते हे समीकरण दोनशे वर्षं जुनं आहे आणि ते सोडवणं आज अवघड नाही. अवघड आहे ती सरकणारी सीमा. गोठलेला भाग आणि न गोठलेला भाग यांच्यामधली रेघ कुठे आहे हे आधी माहीत नसतं. ती रेघ हेच तर उत्तर असतं, आणि ते उत्तर प्रत्येक क्षणी प्रश्नच बदलत असतं. व्हिएन्नाच्या योझेफ श्टेफान यांनी १८८९च्या सुमारास ध्रुवीय समुद्रावर बर्फाचा थर कसा वाढतो याचा हिशेब मांडला आणि तेव्हापासून अशा प्रश्नांना त्यांचंच नाव आहे. त्यांच्या हिशेबातला सर्वांत साधा निष्कर्ष असा, की बर्फाची जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एक मिलिमीटरला जितका वेळ लागला, त्याच्या चौपट वेळ दोन मिलिमीटरला.

शरीरात पाण्याचा मोठा वाटा आहे, म्हणून पाण्याचे आकडे पाहू. एक ग्रॅम पाणी ३७ अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे १५५ ज्यूल उष्णता काढावी लागते. तेच पाणी शून्यावरच राहून बर्फ व्हायला आणखी ३३४ ज्यूल. म्हणजे गार करण्यापेक्षा गोठवायला दुपटीहून अधिक. शाळेत शिकलेला हा अप्रकट उष्मा इथे बर्फाच्या कडेवर पहारा देतो. उलट एकदा बर्फ झाला, की तो पाण्याच्या जवळपास चौपट वेगाने उष्णता वाहून नेतो, म्हणजे मागे राहिलेला बर्फ पुढच्या गोठवणीला मदत करतो. त्यात ऊती म्हणजे निव्वळ पाणी नाही. क्षार आणि प्रथिनं असल्यामुळे ती एका ठरावीक अंशाला न गोठता काही अंशांच्या पट्ट्यात हळूहळू गोठते. पुष्कळ प्रतिरूपांत हा पट्टा उणे १ ते उणे ८ असा धरतात. शिवाय जिवंत ऊतीत केशवाहिन्यांतून रक्त फिरत राहतं आणि ऊब आणतं. त्याचा हिशेब समीकरणात बसवण्याची रीत अमेरिकेतल्या हॅरी पेनेस यांनी १९४८मध्ये माणसाच्या हाताच्या कोपराखालच्या भागाचं तापमान मोजून दिली. तीच रीत आजही वापरात आहे.

पण हृदयात खरा कस लावतं ते केशवाहिन्यांतलं रक्त नव्हेच. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं, आणि ते सगळंच्या सगळं याच शिरांतून, बहुधा चार, डाव्या कर्णिकेत येतं. फुगा शिरेच्या तोंडाशी गच्च बसला तर त्या शिरेतलं रक्त थबकतं आणि बर्फ निवांत वाढतो. कुठे एखादी फट राहिली, तर त्या फटीतून ३७ अंशांच्या रक्ताची धार फुग्याला घासत जाते, आणि कड्याचा तेवढाच भाग गोठायचा राहतो. म्हणूनच डॉक्टर आधी शिरेत क्ष-किरणांना दिसणारं द्रव्य सोडून ते बाहेर गळतं का ते बघतात. सिम्युलेशन करणाऱ्याने फुगा गच्च बसलाय असं गृहीत धरलं, तर त्याला संगणक सुबक, अखंड, निळंशार कडं काढून देईल. ते कडं समीकरणांनुसार अगदी बरोबर असेल आणि रुग्णाच्या छातीतल्या कड्याशी त्याचा संबंध नसेल.

हे गणित मी पहिल्यांदा पाहिलं ते कोल्हापूरच्या एका फाउंड्रीत. उमेदीची काही वर्षं तिथे गेली. साच्यात ओतलेलं लोखंड थिजतं तेव्हा हीच सीमा सरकते, हाच अप्रकट उष्मा बाहेर पडतो. फरक एवढाच की तिथले आकडे हजार अंशांच्या वरचे असतात. कास्टिंगचा जो भाग सर्वांत शेवटी थिजतो तिथे आकसून पोकळी राहते, म्हणून तिथे जादा धातू पुरवणारा रायझर कुठे ठेवायचा हे सिम्युलेशन आधी सांगतं. मुंबईच्या आयआयटीत यासाठी सॉफ्टवेअर तयार झालं, कोल्हापूरकडच्या कारखान्यांतही अशी साधनं आली. मला आठवतो तो संगणकाचा पडदा नव्हे, करवत. पडद्यावर लाल डाग जिथे दिसला, तिथे पहिलं कास्टिंग कापायचं आणि पोकळी खरोखर तिथेच आहे का ते बघायचं. बोटभर बाजूला निघाली, तर साच्याच्या वाळूची उष्णता खेचून घ्यायची क्षमता किती धरली होती ते बदलायचं, आणि पुन्हा ओतायचं. अशी दहा-बारा कास्टिंग कापल्यावर ते सॉफ्टवेअर त्या फाउंड्रीच्या वाळूला, तिच्या ओलाव्याला, तिथल्या ओतायच्या घाईला सरावतं. त्याच्यावर आमचा विश्वास बसला तो त्याची समीकरणं बघून नव्हे. करवतीने बसवला.

माणसाचं हृदय कापून बघता येत नाही. हा एवढा फरक दोन्ही क्षेत्रांना वेगळं करतो, आणि सिम्युलेशनवरच्या पुष्कळ उत्साही लिखाणात मला याच फरकाचं वजन कमी पडलेलं दिसतं. समीकरण एकच आहे म्हणून विश्वासही तेवढाच, असं धरून चालत नाही.

दुसरी गोष्ट लोखंडात नसतेच. लोखंडाला थिजायचं असतं, मरायचं नसतं. ऊतीच्या बाबतीत बर्फाची कड आणि मृत्यूची कड वेगवेगळ्या आहेत, आणि त्या दोघींच्या बाहेर आणखी एक कड आहे : शांततेची.

हृदयाची पेशी विजेचा संदेश पुढे देते ती तिच्या आवरणातल्या सूक्ष्म दारांच्या उघडझापीमुळे. अॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९५२मध्ये माखल्याच्या चेतातंतूवर या दारांचं गणित लिहिलं, आणि त्यात पहिल्यापासून तापमान होतं : दहा अंश वाढले की दारांचा वेग तिप्पट. डेनिस नोबल यांनी १९६०मध्ये तेच गणित हृदयाच्या पेशीला लावलं, तर १९६४मध्ये गॉर्डन मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर एएफचं पहिलंवहिलं चित्र उभं केलं. म्हणजे हृदयाच्या विजेचं सिम्युलेशन साठ वर्षांहून जुनं आहे. त्या तापमानाच्या नियमाने एवढं कळतं, की पेशी गार होत गेली की ती मंदावते आणि पुढे गप्प होते. पण गप्प झालेली पेशी मेलेली नसते. डॉक्टर याचा फार सुरेख उपयोग करतात. कर्णिका आणि जवनिका यांना जोडणाऱ्या गाठीजवळ काम असतं तेव्हा, विशेषतः लहान मुलांमध्ये, ते सळईचं टोक आधी उणे ३०च्या आसपासच नेतात. चुकीची जागा गप्प होताना दिसली, की गोठवण थांबवतात, ऊब परत येते आणि बहुतेक वेळा पेशी पुन्हा बोलू लागतात. भाजण्यात ही माघार नाही.

माघारीची हीच वाट फुग्याच्या उपचारात मात्र आडवी येते. शिरेत ठेवलेल्या तारेवरचा संदेश मिनिटाच्या आत नाहीसा झाला, तर ते चांगलं लक्षण मानतात, आणि अनुभव सांगतो की ते योग्यच आहे. तरी त्या क्षणी कळतं ते एवढंच की कडं शांत झालं. त्यातला किती भाग मेला आणि किती नुसता झोपी गेला, हे त्या दिवशी कळत नाही. झोपलेला भाग काही आठवड्यांनी, महिन्यांनी जागा होतो आणि रुग्ण पुन्हा धडधडत्या छातीने दारात उभा राहतो.

पेशी मरते कशी, याचाही एकच सरळ नियम नाही. पीटर मेझर यांनी १९६०च्या आणि ७०च्या दशकांत दाखवलं, की थंडी सावकाश आली तर बर्फ आधी पेशीबाहेर होतो, बाहेरचं क्षारांचं पाणी दाट होतं आणि पेशीतलं पाणी ओढून घेऊन तिला सुकवतं. थंडी वेगाने आली तर पाण्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि बर्फ पेशीच्या आतच होतो. फुग्याला चिकटलेल्या थरात थंडी वेगाने येते, दोन मिलिमीटर पलीकडे सावकाश. म्हणजे एकाच कड्यात मरणाच्या दोन तऱ्हा. उणे ४०च्या खाली पेशी वाचणं कठीण. उणे २०च्या आसपास काही मरतात, काही वाचतात, आणि ते गोठायचा वेग, वितळायचा वेग, किती वेळा गोठवलं यावर ठरतं. वितळताना बारीक स्फटिक एकत्र होऊन मोठे होतात आणि आणखी नासधूस करतात, म्हणून वितळणं हळू हवं. त्यानंतर तास-दिवस उलटत जातात, बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, आणि वाचलेल्या पेशींतल्याही काही दगावतात. उष्णतेचं प्रतिरूप यातलं तापमान सांगतं. बाकीचं आपण त्या तापमानावर चढवलेल्या अंदाजांनी सांगतो. शून्य अंशाची रेघ काढून तिला ‘उपचार झालेला भाग’ म्हणणारं चित्र दिसलं, की त्यावर विश्वास ठेवू नये, असं मी स्पष्ट म्हणेन. ते चित्र बर्फ दाखवतं, आणि बर्फाच्या बाहेरच्या किनाऱ्यावर पुष्कळ पेशी जिवंत असतात.

मग आता मूळ पेच. २०१६मध्ये युरोपातल्या ‘फायर अँड आइस’ या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ७६२ रुग्ण, चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटलेले. एकाला भाजण्याचा उपचार, दुसऱ्याला गोठवण्याचा. उपचार अपुरा ठरण्याचं प्रमाण दोन्हींकडे जवळपास सारखं, ३५ टक्क्यांच्या आसपास. गोठवण्याच्या गटात श्वासपटलाच्या नसेला इजा २.७ टक्क्यांत. अशा चाचणीचं मोल मी कमी लेखत नाही. उपचार वापरावा की नाही हे ठरवायला दुसरा प्रामाणिक मार्ग नाही. पण ती सरासरी सांगते, आणि टेबलावर सरासरी कधी झोपत नाही. शिवाय एक इजा अशी आहे की ती ७६२ जणांच्या चाचणीत दिसण्याची शक्यताच नगण्य. कर्णिकेच्या मागच्या भिंतीला लागून अन्ननलिका उतरते. ती अति गार होऊन पुढच्या काही आठवड्यांत तिच्यात आणि कर्णिकेत भोक पडलं, तर बहुतेक वेळा जीव जातो. हजारो उपचारांत एखाद्या वेळी होणारी ही गोष्ट चाचणीने मोजायची म्हटलं तर तेवढी माणसं जायला हवीत. कुणीही विवेकी माणूस असा प्रयोग करणार नाही. म्हणजे प्रतिरूपच हवं.

आणि ते तपासायचं कसं? ज्या अंतरावर, ज्या वेळेला इजा होते तिथपर्यंत माणसाला मुद्दाम न्यायचं नाही, हे तर आपण आधीच ठरवलं. मग प्रतिरूप सुरक्षित प्रदेशात तपासायचं आणि धोक्याच्या प्रदेशात त्याचं ऐकायचं, एवढंच हाती राहतं. अभियंत्याला ही उडी अनोळखी नाही, पण ती उडी आहे हे त्याने विसरू नये.

उडी छोटी करता येते. २०१३मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी हृदयाच्या गोठवणीचं सिम्युलेशन जिवंत ऊतीतल्या मोजमापांशी ताडून पाहिलं. ते काम माझ्या मते योग्य दिशेचं होतं, कारण त्यात प्रश्न ‘चित्र सुंदर आलं का’ असा नसून ‘मोजलेल्या आकड्याशी जुळलं का’ असा होता. जेलच्या ठोकळ्यात फुगा गोठवून बर्फाची कड डोळ्यांनी मोजता येते. अन्ननलिकेत तापमापकाची तार सोडण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहेच, आणि काही केंद्रं १५ अंश ही सीमा मानून त्याआधी थांबतात. म्हणजे रोजच्या उपचारातून अन्ननलिकेच्या तापमानाची एक रेघ आपोआप मिळते. ती रेघ प्रतिरूपाने आधी सांगितली होती का, हे विचारता येतं. अमेरिकेत यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने २०१८मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या प्रतिरूपांसाठी ‘व्ही अँड व्ही ४०’ हे मानक काढलं. त्याचा गाभा मला फार शहाणपणाचा वाटतो : प्रतिरूपाची तपासणी किती कडक हवी हे त्या प्रतिरूपावरून कोणता निर्णय घेतला जाणार आणि तो चुकला तर काय होईल, यावरून ठरवा. फुग्याचा नवा आकार सुचवणारं प्रतिरूप थोडं चुकलं तर पुढच्या प्रयोगात कळेल. अन्ननलिका सुरक्षित आहे असं सांगणारं प्रतिरूप चुकलं, तर कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

इथे एक हिशेब मांडतो, कारण तो कुणालाही करता येतो आणि तो करून बघितल्याशिवाय प्रश्नाचं गांभीर्य कळत नाही. कर्णिकेची भिंत सीटी स्कॅनमध्ये जेमतेम चार-सहा ठिपक्यांची दिसते, कारण एक ठिपका साधारण अर्ध्या मिलिमीटरचा. समजा भिंत दोन मिलिमीटर आहे की तीन, हे त्या स्कॅनवरून नक्की सांगता येत नाही. श्टेफानच्या नियमाने तीन मिलिमीटर गोठायला दोन मिलिमीटरच्या सव्वादोन पट वेळ लागतो. फुग्याची गोठवण तीन-चार मिनिटांची असते. भिंतीच्या जाडीतल्या एका मिलिमीटरच्या संभ्रमाने ‘पुरेसं’ आणि ‘अपुरं’ यांतला फरक पुसला जातो. वर अन्ननलिका एका जागी राहत नाही. कालच्या स्कॅनमधली तिची जागा आज तीच असेल असं नाही. अशा वेळी ‘भिंत १७२ सेकंदांत पूर्ण गोठेल’ असं सांगणारं सिम्युलेशन खोटं बोलत नसतं, पण बोलायला नको तितकं ठामपणे बोलत असतं. त्याने सांगायला हवं, की भिंत पातळ असेल तर एवढ्यात, जाड असेल तर तेवढ्यात, फट असेल तर बहुधा नाहीच. आणि यांतलं काय आहे ते शोधायला नेमकं काय मोजायला हवं. मला सिम्युलेशनचं सर्वांत मोलाचं काम हे वाटतं. कुठला अज्ञात आकडा उत्तर सर्वांत जास्त हलवतो, ते ते दाखवून देतं. मग संशोधनाचा पैसा त्या आकड्याच्या मागे लावता येतो.

अनुभवी डॉक्टर यावर म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही : ‘आमच्यापाशी रुग्णाचं शरीरच बोलतं आहे. तारेवरचा संदेश किती सेकंदांत गेला ते दिसतं, श्वासपटल हाताला लागतं. तुमच्या गणिताची वाट कशाला बघू?’ मी म्हणेन, बघू नकाच. त्या घटकेला शरीराचाच शब्द शेवटचा. पण शरीर बोलतं ते झाल्यावर किंवा होऊ लागल्यावर. श्वासपटलाची उसळी मंदावते तेव्हा नस गार झालेली असते. प्रतिरूप उपयोगी आहे ते आदल्या दिवशी, फुगा कोणत्या कोनातून बसवायचा, कुठल्या शिरेपाशी जास्त जपायचं हे ठरवताना. आणि अन्ननलिकेसारख्या अवयवासाठी, जो त्या दिवशी उसळत नाही, काही आठवड्यांनी बोलतो.

दुसरा आक्षेप अधिक ताजा आहे. विजेच्या क्षणिक जोरदार झटक्यांनी पेशी मारणाऱ्या ‘पल्स्ड फील्ड’ उपकरणांना अमेरिकेत २०२३च्या डिसेंबरपासून परवानगी मिळू लागली आणि अनेक केंद्रं तिकडे वळली. मग बर्फाचं गणित कशासाठी? पण या नव्या पद्धतीतही ऊतीच्या आत विजेचं क्षेत्र किती आहे हे कुणी मोजत नाही. तेही प्रतिरूपातूनच काढतात. बाहेरच्या यंत्राला आकडा माहीत आणि आतल्या स्नायूचा अंदाज, ही अवस्था जशीच्या तशी आहे. बर्फाच्या निमित्ताने जी शिस्त अंगी बाणेल, ती तिथेही लागणार आहे.

आणि या सगळ्यात भारतातल्या रुग्णाची कर्णिका कुठे आहे? आपल्याकडे एएफ असलेल्यांत रुमॅटिक हृदयरोगाचे रुग्ण पश्चिमेकडच्या तुलनेत फार मोठ्या प्रमाणात दिसतात. लहानपणी घशाचा संसर्ग, त्यातून सांधे धरणारा ताप, आणि पुढे मिट्रल झडप आकसणं. ही कर्णिका वर्षानुवर्षं दाब सोसून फुगलेली असते, तिच्यात व्रणाची ऊती दाटलेली असते. व्रणाच्या ऊतीत पाणी कमी, तंतू जास्त. तिची उष्णतावाहकता, तिचं गोठणं निराळं असणार. प्रतिरूपांत घातले जाणारे पुष्कळ गुणधर्म जनावरांच्या काढलेल्या हृदयांवर मोजलेले आहेत आणि कर्णिकेचे आकार मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांच्या स्कॅनमधले. आज आपल्याकडे अशा रुग्णांवर फुग्याचा उपचार क्वचितच होतो, झडपेची शस्त्रक्रिया करताना मात्र कर्णिका गोठवण्याचा पर्याय असतो. तिथे, शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊतीच्या तुकड्यांवर रुग्णाची परवानगी घेऊन हे गुणधर्म मोजता येतील. हे काम चकचकीत नाही. त्यातून रंगीत चित्र निघत नाही, एक कोष्टक निघतं. तरी मला विचाराल तर आपल्या अभियांत्रिकी संस्थांनी आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांनी मिळून हृदयाच्या गोठवणीत काही करायचं असेल, तर सुरुवात या कोष्टकापासून करावी. परक्या हृदयांवर बेतलेलं प्रतिरूप विकत घेऊन आपल्या रुग्णावर चालवणं हे दुसऱ्या फाउंड्रीच्या वाळूचे आकडे आपल्या साच्याला लावण्यासारखं आहे, आणि त्याची फळं काय असतात ते मी कापलेल्या कास्टिंगमध्ये पाहिलं आहे.

करवतीची गोष्ट इथे पुन्हा येते. माणसाचं हृदय कापता येत नाही हे खरं, पण करवतीची जागा काही अंशी भरून काढणारी दोन दारं उघडी आहेत. एक, उपचारानंतर काही महिन्यांनी गॅडोलिनियम टोचून काढलेला एमआरआय, ज्यात व्रणाची ऊती उजळून दिसते. दुसरं जास्त नेमकं, आणि त्यामागे माणसाची निराशा आहे : पुन्हा एएफ सुरू झाल्याने दुसऱ्यांदा टेबलावर आलेला रुग्ण. त्याच्या कर्णिकेचा विजेचा नकाशा काढतात तेव्हा पहिलं कडं नेमकं कुठे तुटकं राहिलं होतं ते दिसतं. वरच्या कडेला की खालच्या, किती मिलिमीटर, कुठल्या शिरेपाशी. पहिल्या वेळच्या फुग्याच्या तापमानाची सेकंदासेकंदाची नोंद त्या यंत्रात असतेच, स्कॅन रुग्णालयात असतो. हवं आहे ते एवढंच, की पहिल्या उपचाराच्या आधी प्रतिरूपाने सांगितलेलं भाकीत तारीख घालून बंद करून ठेवलेलं असावं, नंतर कुणाला ते सुधारता येऊ नये, आणि दुसऱ्या वेळचा नकाशा हाती आला की दोन्ही शेजारी ठेवावेत. यासाठी उपकरणातल्या नोंदी कंपन्यांच्या कुलपात न राहता संशोधकांना मिळायला हव्यात, आणि रुग्णाला त्याच्या नोंदी कशाला वापरल्या जातील हे त्याच्या भाषेत सांगून त्याची संमती घ्यायला हवी. दर तीन रुग्णांमागे साधारण एकाला पहिला उपचार पुरत नाही. त्यांतल्या पुष्कळांना दुसऱ्यांदा त्या थंड खोलीत झोपावं लागतं, पुन्हा तोच फुगा किंवा दुसरी सळई आत जाते, पुन्हा कुणाचा तरी तळवा बरगड्यांखाली येऊन टेकतो. त्यांच्या पहिल्या उपचाराआधीचं भाकीत नोंदवून ठेवलेलं नसतं, म्हणून त्यांच्या परत येण्यातून आज आपण जितकं शिकू शकलो असतो, तितकं शिकत नाही.